ऑनलाइन खरेदीचं खातं हॅक झालं तर: आधी काय, नंतर काय



सायबर चोरीपासून सावध कसं राहावं हे आता बँकेच्या भिंतीवरच्या पोस्टरसकट सगळीकडे सांगतात. पण चोरी होऊन गेल्यावर पहिल्या तासाभरात काय करायचं, हे फार कमी लोक सांगतात. आज तेवढ्याच एका तासाबद्दल बोलू या. तुमचं ऑनलाइन खरेदीचं खातं दुसऱ्याच्या हातात गेलंय. तुमचा पासवर्ड चालत नाही, नोंदवलेला नंबर बदललाय. ते परत कसं घ्यायचं?

मी फौजेत आयुष्य काढलं आणि निवृत्तीनंतर चेन्नईत स्थायिक झालो. संगणकतज्ज्ञ नाही. पण हातची चौकी गेली तर ती परत घेताना कुठल्या क्रमाने पावलं टाकायची, हे आम्हाला घोटून शिकवलेलं असतं. ओळखीच्या लोकांची अशी काही प्रकरणं निस्तरताना लक्षात आलं की इथेही सगळा खेळ क्रमाचाच आहे. बहुतेक लोक योग्य गोष्टी करतात, पण उलट्या क्रमाने करतात. त्यामुळे सकाळी परत मिळालेलं खातं संध्याकाळी पुन्हा जातं.

आधी खात्यात असतं काय ते बघू. लोक म्हणतात, "त्यात काय, साबण आणि चादरीच मागवतो." पण त्या खात्यात तुमच्या घराचा पत्ता आहे, मुलीच्या सासरचा पत्ता आहे, फोन नंबर आहेत, पाच-दहा वर्षांत काय काय घेतलं त्याची यादी आहे. शुगर मोजायची पट्टी मागवता म्हणजे घरात मधुमेह आहे, हेही त्यात दिसतं. दुकानाचं वॉलेट आहे, गिफ्ट कार्डची शिल्लक आहे, 'आत्ता घ्या, नंतर पैसे द्या' अशी उधारीची सोय आहे. कार्डाचा पूर्ण नंबर मात्र आपल्याकडच्या दुकानांना साठवता येत नाही. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२२ पासून तो बंद केला. त्याजागी टोकन नावाचा एक पर्यायी क्रमांक राहतो. शिवाय कार्डाने खरेदी करायची तर सहसा ओटीपी लागतो. म्हणून चोराचा डोळा कार्डावर कमी आणि वॉलेट, गिफ्ट कार्ड, उधारी यांवर जास्त असतो. तिथे अनेकदा ओटीपी आडवा येत नाही.

आता एक उदाहरण. माझ्या एका दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नी नंगनल्लूरला एकट्या राहतात. वय सत्तरीच्या पुढे, हिशेबाला पक्क्या. एके दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, "भाऊजी, रात्रीत तीनशेच्या वर ई-मेल आलेत. कुठल्या कुठल्या देशांतल्या दुकानांची, मासिकांची. पुसता पुसता दमले."

हा पाऊस उगाच पडत नाही. चोर मुद्दाम तुमचा पत्ता शेकडो ठिकाणी नोंदवतो. त्या ढिगाऱ्यात एकच मेल महत्त्वाची असते: "आपली ऑर्डर मिळाली, धन्यवाद." ती तुम्हाला दिसू नये म्हणून हा सगळा खटाटोप. शोधल्यावर ती सापडली. त्यांच्या वॉलेटमधून साडेसात हजारांची गिफ्ट कार्डं खरेदी झाली होती. खात्यावरचा मोबाईल नंबरही बदललेला होता.

तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा. अचानक मेलचा पूर आला तर पुसत बसू नका. आधी तुमच्या दुकानांची आणि बँकेची नावं घालून त्या ढिगात शोधा.

पण खरं संकट पुढे होतं. शेजारच्या एका भल्या मुलाने इंटरनेटवर त्या दुकानाचा 'कस्टमर केअर' नंबर शोधून दिला. फोन लगेच उचलला गेला. बोलणारा अगदी नम्र होता. म्हणाला, "मॅडम, पैसे परत करायला आम्हाला तुमचा स्क्रीन दिसायला हवा, एक ॲप घ्या." वहिनींनी फोन ठेवला आणि मला लावला. त्यांचं म्हणणं साधं होतं: "दुकानवाले इतक्या लवकर फोन उचलत नाहीत हो."

मंडळी, आज एवढं एकच ध्यानात ठेवलंत तरी चालेल. खातं गेल्यानंतरचा पहिला तास चोरीच्या क्षणापेक्षा धोक्याचा असतो. माणूस घाबरलेला असतो, मदत शोधत असतो, आणि मदतीच्या वेशात दुसरी टोळी तिथेच टपून बसलेली असते. खोटे मदत क्रमांक इंटरनेटवर पेरून ठेवलेले असतात. दुसऱ्याला आपला स्क्रीन दाखवणाऱ्या ॲपच्या धोक्याबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. पहिल्या चोरीत वॉलेट गेलं तर दुसऱ्या चोरीत बँकेचं खातं जातं.

म्हणून पहिला नियम: नंबर शोधायचा नाही. दुकानाचं ॲप उघडायचं किंवा पत्ता स्वतः टाइप करून संकेतस्थळावर जायचं आणि तिथल्या 'मदत' विभागातूनच बोलायचं. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार प्रत्येक अशा दुकानाला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क स्वतःच्या संकेतस्थळावर द्यावाच लागतो. तो तिथेच मिळतो.

आता क्रम. चौकी परत घ्यायच्या आधी तिची रसद कुठून येते ते बघतात. खरेदीच्या खात्याची रसद दोन वाटांनी येते, मोबाईल आणि ई-मेल. 'पासवर्ड विसरलो' म्हटलं की नवा रस्ता या दोहोंपैकी एकावरच येतो. यातली एक वाट जरी चोराच्या हातात असेल, तर तुम्ही दुकानाचा पासवर्ड दहादा बदला, तो अकराव्यांदा बदलेल. म्हणून आधी फोन, मग मेल, आणि सर्वांत शेवटी दुकान.

फोनपासून सुरू करू. सिमला रेंज आहे का? आजूबाजूच्यांना आहे आणि फक्त तुमचं नेटवर्क गेलंय, तर कुणीतरी तुमच्या नावाने दुसरं सिम काढलं असण्याची शक्यता आहे. लगेच दुसऱ्या फोनवरून कंपनीला कळवा किंवा ओळखपत्र घेऊन त्यांच्या दुकानात जा. रेंज असेल, तर कॉल दुसरीकडे वळवलेत का ते बघा. दोनदा हॅश, शून्य शून्य दोन, पुन्हा एकदा हॅश, एवढं दाबून कॉल लावला की सगळी कॉल फॉरवर्डिंग रद्द होते. हे करायचं कारण म्हणजे ओटीपी फोन कॉलनेही सांगितला जातो. मग फोनमधली ॲप बघा. लग्नाची पत्रिका, विजेचं बिल, कुरिअरची पावती अशा नावाने व्हॉट्सॲपवर आलेली फाइल उघडून एखादं ॲप बसवलं गेलं असेल, तर इंटरनेट बंद करा आणि ते काढून टाका. जमत नसेल तर तो फोन बाजूला ठेवा आणि पुढची सगळी कामं घरातल्या दुसऱ्या स्वच्छ फोनवरून करा. दूषित फोनवर टाइप केलेला नवा पासवर्ड चोरालाही कळतो.

मग मेल. पासवर्ड बदला. नवा पासवर्ड कुठेही न वापरलेला हवा. 'सगळ्या उपकरणांवरून साइन आउट' करा. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. इथपर्यंत बरेच जण येतात आणि थांबतात. पण चोर मेलमध्ये शिरला असेल तर मागचं दार उघडं ठेवून जातो, आणि ते पासवर्ड बदलून बंद होत नाही. सेटिंगमध्ये जाऊन चार गोष्टी बघा. मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर जातेय का? दुकानाकडून आलेली मेल थेट कचऱ्यात टाकणारा एखादा फिल्टर लावलाय का? खातं परत मिळवण्यासाठी दिलेला पर्यायी नंबर आणि पत्ता तुमचाच आहे का? आणि ओळखीचं नसलेलं एखादं ॲप खात्याला जोडलेलं आहे का? वहिनींच्या मेलमध्ये असाच एक फिल्टर सापडला. तो तसाच राहिला असता तर दुकानाची पुढची एकही सूचना त्यांना दिसली नसती.

आता दुकान. पासवर्ड चालत असेल तर बदला आणि सगळीकडून साइन आउट करा. चालत नसेल, नंबर बदललेला असेल, तर दुकानाच्या मदत विभागातून 'माझं खातं दुसऱ्याने ताब्यात घेतलंय' असं स्पष्ट कळवा. 'लॉगिन होत नाही' एवढंच लिहिलंत तर तक्रार चुकीच्या खिडकीवर जाते. खातं तुमचंच हे दाखवायला जुन्या ऑर्डरचे क्रमांक, बिलं, जुना पत्ता, जुना नंबर उपयोगी पडतात. ती बिलं तुमच्या मेलमध्ये असतात. मेल आधी ताब्यात घ्यायचं हेही एक कारण. ओळखपत्र मागितलं तर ते दुकानाच्या ॲप किंवा संकेतस्थळावरच द्या, व्हॉट्सॲपवर कधीही नाही. पासवर्ड, ओटीपी किंवा पिन कुठलाही खरा कर्मचारी मागत नाही.

खातं हातात आलं की घराची झडती घ्या. अनोळखी पत्ते काढा. चोराने स्वतःचा नंबर, पासकी किंवा पडताळणीचं ॲप जोडलं असेल तर तेही काढा. परताव्याचे पैसे कुठे जाणार आहेत ते बघा. जुन्या ऑर्डर तपासा, लपवून ठेवलेल्याही. न मागवलेलं पार्सल दारात आलं आणि पाठोपाठ 'ऑर्डर रद्द करायला ओटीपी द्या' असा फोन आला, तर ओटीपी देऊ नका. वॉलेट आणि उधारी दोन्ही बंद ठेवा. उधारीत कर्ज निघालंय का, हे क्रेडिट रिपोर्टमध्ये कळतं. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षात एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो.

हे सगळं चालू असताना पैशाची आघाडी वेगळ्या माणसाकडे द्या. मुलगा पुण्यात असेल, पुतण्या बेंगळुरूला असेल, तरी चालेल. एकाने फोन-मेल-दुकान सांभाळायचं, दुसऱ्याने बँक आणि पोलीस. पैसे गेले असतील तर १९३० हा राष्ट्रीय क्रमांक लावा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम, बँकेचं नाव हाताशी ठेवा. तिथून संबंधित बँकांना सूचना जाते आणि पैसे पुढे सरकले नसतील तर अडवता येतात. म्हणून इथे मिनिटं मोजायची. तक्रार सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही नोंदवता येते. पैसे गेले नसले तरी नोंदवा. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६सी कलमाखाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. उद्या तुमच्या खात्यावरून दुसऱ्या कुणाला फसवलं गेलं, तर तुमच्या बाजूने बोलणारा कागद तोच.

इथे चेन्नईत आपल्या माणसांना एक अडचण येते. गुन्हा कुठे घडला, तक्रार कुठे द्यायची? खातं साताऱ्यात उघडलं, माणूस चेन्नईत, चोर भलतीकडेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमानुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती, तो कुठल्याही हद्दीत घडला असला तरी, ठाण्यात देता येते. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. भाषेची अडचण असेल तर घटनाक्रम तारीख-वेळेसह इंग्रजीत एका पानावर लिहून न्या. तामिळ येणारा शेजारी सोबत असेल तर उत्तमच. एक पान नीट लिहिलेलं असलं की समोरच्याचंही काम सोपं होतं.

आता पैसे परत मिळतात का? रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला काढलेल्या परिपत्रकातलं तत्त्व समजून घ्या. तुमची चूक नाही, बँकेचीही नाही, मध्येच कुठेतरी गळती झाली, आणि सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तुम्ही बँकेला कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवस लावलेत तर मर्यादित जबाबदारी. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल, तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. थोडक्यात, कळवल्याची वेळ ही तुमची ढाल आहे. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. हे बँकेबद्दल झालं. दुकानाचं स्वतःचं, त्याच दुकानात चालणारं गिफ्ट कार्ड यात बसत नाही. तिथे दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्याकडेच जावं लागतं. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा, असा नियम आहे. नाही लावला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

चोर मुळात शिरतो कुठून? सगळ्यांत रुळलेली वाट म्हणजे एकच पासवर्ड दहा ठिकाणी. नोव्हेंबर २०२० मध्ये बिगबास्केट या किराणा पोहोचवणाऱ्या कंपनीच्या सुमारे दोन कोटी ग्राहकांची माहिती फुटल्याची बातमी आली. कंपनीने बेंगळुरूच्या सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. एप्रिल २०२१ मध्ये तो साठा चोरांच्या बाजारात फुकट टाकला गेला. त्यात नावं, पत्ते, फोन नंबर होते आणि सांकेतिक रूपात पासवर्डही होते. सोपा पासवर्ड अशा सांकेतिक रूपातूनही ओळखता येतो. मग ती मेल आणि तो पासवर्ड यांची जोडी यंत्राने शेकडो दुकानांवर लावून बघतात. कुलूप फुटतं भाजीच्या दुकानाचं, आणि चोर शिरतो कपड्यांच्या दुकानात, कारण किल्ली एकच.

दुसरी वाट खास आपल्यासारख्या गाव सोडून आलेल्यांची. साहुकारपेठेत सोन्याचांदीची गलाई करणारी विटा-आटपाडीकडची मंडळी आहेत. बदलीच्या नोकरीतली आहेत. फौजी तर आहेतच. अनेकांच्या खात्यांना गावाकडचा जुना नंबर जोडलेला असतो. इथे नवं सिम घेतलं, जुनं रिचार्ज केलं नाही, ते बंद पडलं. बंद पडलेला नंबर निदान ९० दिवस कुणाला देत नाहीत. पण पुढे तो दुसऱ्याला मिळू शकतो, आणि तुमचे ओटीपी त्या माणसाच्या फोनवर जातात. त्याची इच्छा असो वा नसो, तुमच्या खात्याची किल्ली त्याच्या खिशात. तेव्हा नंबर सोडण्याआधी सगळ्या खात्यांवर बदला. किंवा तोच नंबर ठेवा. ३ जुलै २०१५ पासून देशात कुठल्याही राज्यात गेलात तरी जुना नंबर सोबत नेता येतो. सिम स्वतःच्या नावावर आहे ना, तेही बघा. पुतण्याच्या नावावरचं सिम बंद पडलं तर ते परत मिळवायला पुतण्यालाच जावं लागतं.

शेवटी एक नाजूक गोष्ट. अशी चोरी झाली की आपल्या वयाची माणसं ती लपवतात. मुलं म्हणतील, "सांगितलं होतं ना बाबा." सून काय म्हणेल? मग माणूस दोन दिवस एकटाच झुंजतो, आणि ते तीन दिवस संपतात. मुलांनाही माझं सांगणं आहे. आईचा असा फोन आला तर "कसं झालं?" हे आठवड्याभराने विचारा. त्या क्षणी एवढंच म्हणा, "बरं झालं लगेच सांगितलंस. आधी फोन बघू." वहिनींनी कुणाची भीड न धरता सकाळीच फोन केला, म्हणून त्याच दिवशी वॉलेट बंद झालं, आणि दुकानाकडून खातं परत मिळायला लागलेल्या नऊ दिवसांत पुढे एक रुपयाही गेला नाही. साडेसात हजारांतले जे न वापरलेल्या कार्डांत होते तेवढे परत मिळाले, बाकीचे गेले. पण बँकेतलं पेन्शन जागेवर राहिलं.

आता कवायत. आज रात्री एवढं करा. मेलचा पासवर्ड वेगळा आणि लांब ठेवा. तीन-चार मराठी शब्द, ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही, इंग्रजी अक्षरांत लिहून जोडले तरी पुरे. लक्षात राहत नसेल तर वहीत लिहा आणि वही कपाटात कुलूपबंद करा. एकच पासवर्ड सगळीकडे वापरण्यापेक्षा ते केव्हाही बरं. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचा परदेशी वापर बंद करा आणि ऑनलाइन खरेदीची मर्यादा गरजेपुरती ठेवा. आणि एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा: फोन, मेल, दुकान. खाली १९३०, आणि त्याखाली तुमच्या बँकेचा कार्डाच्या पाठीवर छापलेला नंबर. शेवटच्या ओळीत त्या माणसाचं नाव, ज्याला रात्री दोन वाजताही न लाजता फोन करता येईल. असं नाव सुचत नसेल, तर ते आधी ठरवा. बाकीचं उद्या केलं तरी चालेल.

जय हिंद.